एआयला काम सांगताय? ‘कागद तपास’ एवढं सांगून भागत नाही

विश्रांतवाडी (पुणे) : ज्यांच्या घरात शिकणारं पोर आहे, त्यांना विश्रांतवाडीचं सामाजिक न्याय भवन नवं नाही. जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीचं कार्यालय तिथंच आहे. अर्ज ऑनलाइन भरता येतो, पण कागद कमी निघाला किंवा नावात फरक निघाला की त्रुटी लागते. जुन्नर-भोरकडच्या माणसाला एक हेलपाटा म्हणजे दिवसाचा रोज बुडतो. प्रवेशाची मुदत हुकली तर पोराचं वर्ष जातं. घरातले कागद लावून बघायचं काम आता एआय एजंटला सांगता येतं. मात्र ते नीट सांगावं लागतं.

एआय एजंट म्हणजे काय?

साधा एआय प्रश्नाला उत्तर देतो. एजंट टप्प्याटप्प्यानं काम करतो : यादी वाचतो, तक्ता बनवतो, फॉर्म भरतो आणि ‘काम झालं’ म्हणून कळवतो. अडचण इथंच आहे. काम अर्धवट असलं तरी तो तितक्याच ठामपणे ‘झालं’ म्हणू शकतो. गड्याला ‘पाणी देऊन ये’ म्हटलं तर किती दिलं ते कळत नाही. ‘शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचलं की मोटर बंद कर’ म्हटलं तर आपण जाऊन बघू शकतो. एजंटला असंच सांगायचं.

चुकीची सूचना

“माझे जातीचे कागद तपास आणि बरोबर आहेत का सांग.”

यात प्रवर्ग नाही, तारीख नाही, ‘बरोबर’ म्हणजे काय तेही नाही. ‘कागद योग्य आहेत’ असं उत्तर आलं तर ते पडताळायचं कशावरून?

योग्य सूचना

“मुलीच्या व्हॅलिडिटीसाठी ओबीसी प्रवर्गातून अर्ज करायचा आहे. खाली सहा कागदांची यादी आहे. प्रत्येक कागदाची एक ओळ असा तक्ता बनव : कुणाचा, मुलीशी नातं, कोणता कागद, नोंदीची तारीख, जात जशी लिहिली आहे तशीच. १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीच्या नोंदीपुढे ‘आधी’, बाकीच्यांपुढे ‘नंतर’ लिही. नाव-आडनाव दोन कागदांत वेगळं असेल तर दोन्ही लिही, दुरुस्त करू नको. तारीख नसेल तर ‘माहिती नाही’ लिही, अंदाज करू नको. फॉर्म भरू नको, कुठं काही पाठवू नको. शेवटी ओळी मोजून सांग.”

कागद सहा, तर ओळी सहाच हव्यात. पाच आल्या तर काम झालेलं नाही.

सूचनेत या पाच गोष्टी हव्यातच

१. काम एका वेळी एकच.
२. त्यासाठी तुम्ही काय काय दिलं आहे.
३. उत्तर कोणत्या स्वरूपात हवं.
४. काय करायचं नाही, कुठं थांबायचं.
५. काम पुरं झालं हे कशावरून ओळखायचं.

तारीख तुम्हीच द्या

तारीख एआयवर सोडू नका. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांआधीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा बघितला जातो. नंतरचे कागदही बाजूला टाकू नका, तेही जोडायला लागतात. अनुसूचित जमातीची समिती वेगळी आहे, ती आदिवासी विकास विभागाकडे येते.

तक्ता आल्यावर

निदान दोन ओळी मूळ कागदाशी ताडून बघा. त्यातली एक सगळ्यात जुन्या कागदाची घ्या. दोन्हीत एक जरी चूक निघाली तर सगळाच तक्ता ताडा. कोतवाल बुकातली मोडीतली नोंद एआयकडून वाचून घेऊन तेवढ्यावर विसंबू नका, मोडी जाणणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्या.

यादी हातानं लिहून दिली तरी काम भागतं. आधार नंबर, बँकेचा तपशील आणि ओटीपी एआयला देऊ नका. आणि एक लक्षात ठेवा : नमुना ३ च्या शपथपत्रात वंशावळ असते आणि त्याखाली सही तुमची असते. एआयनं आजोबांचं नाव चुकवलं तरी जाब सही करणाऱ्यालाच विचारला जातो.