शांता आपटे : पडद्यावरील बंड आणि स्टुडिओच्या दारातील उपोषण

मराठी चित्रपटाच्या इतिहासात शांता आपटे (१९१६–१९६४) यांचे नाव मुख्यत्वे 'कुंकू'ची नायिका म्हणून घेतले जाते. जुलै १९३९ मध्ये त्यांनी पुण्यातील प्रभात स्टुडिओच्या प्रवेशद्वाराशी केलेले उपोषण मात्र बहुधा तारकेचा लहरीपणा किंवा गमतीदार आठवण म्हणूनच सांगितले जाते. वास्तविक ही घटना कलावंत आणि मालक यांच्यातील संबंधांच्या इतिहासात मोडते, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर' (१९३२) मधील राधेच्या भूमिकेने त्यांच्या कारकिर्दीस प्रारंभ झाला. 'अमृतमंथन' (१९३४) आणि 'अमरज्योती' (१९३६) यांनी त्या देशभर पोहोचल्या. १९३७ च्या 'कुंकू'त वृद्ध वकिलाशी लावून दिलेला विवाह मनाने न स्वीकारणारी नीरा त्यांनी उभी केली. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. गाणीही घरातील फोनोग्राफच्या किंवा रोजच्या वस्तूंच्या साथीने येतात. अशा उघड्या ध्वनिपटावर शांताबाईंचा स्वतःचा आवाज व देहबोली यांनाच सारा भार पेलावा लागला, आणि तो त्यांनी पेलला.

विसंगती येथेच आहे. 'आपली संमती कोणी विचारली?' या आशयाचा नीरेचा प्रश्न ज्या संस्थेने पडद्यावर आणला, त्याच संस्थेशी झालेल्या करारातून मुक्त होण्यासाठी दोन वर्षांनी त्या नायिकेला दारात बसावे लागले. त्या काळी कलावंत मासिक पगारावर स्टुडिओशी बांधलेले असत. प्रभातची शिस्त व तिची कलात्मक फलश्रुती निर्विवाद आहे. परंतु त्या शिस्तीची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न आपल्या चित्रपटलेखनाने फारसा विचारलेला नाही.

उपोषणाचे साधन त्या दशकात गांधीजींमुळे सर्वपरिचित होते. एका नटीने ते वेतनदारांच्या प्रश्नासाठी वापरणे मात्र नवे होते. पुढे १९४० मध्ये 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहून त्यांनी या व्यवसायातील भांडवल, श्रम आणि कलावंताची अवस्था यांची रोखठोक चिकित्सा केली. आत्मप्रौढीचा मोह टाळून नटीने धंद्याची चिकित्सा करावी, हे आजही विरळाच. तुलनेसाठी तुर्कस्तानच्या तुर्कान शोराय यांचे उदाहरण घेता येईल. आपल्या अटी त्यांनी निर्मात्यांकडून मान्य करून घेतल्या आणि त्या 'शोरायचे कायदे' म्हणून प्रसिद्ध झाल्या. शांताबाईंच्या काळी मात्र वाटाघाटीस बसण्याइतके बळ एकट्या नटीपाशी नव्हते.

प्रभात सोडल्यावर तमिळ 'सावित्री' (१९४१) साठी त्या ती भाषा शिकल्या, त्यात एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारदाच्या भूमिकेत होत्या. लाहोरच्या पांचोलींचा 'जमीनदार' (१९४२) त्यानंतरचा. पुढील भूमिकांना पूर्वीची धार क्वचितच लाभली. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईच्या उपनगरात, अंधेरी येथे, त्यांचे निधन झाले. तोवर प्रभातच्या त्याच आवारात १९६० पासून शासनाची चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू झालेली होती.