कातळावरची अमूर्त चित्रकला

रत्नागिरी जिल्ह्यात जांभ्या दगडाचे जे विस्तीर्ण सडे पसरले आहेत, त्यांच्या खडबडीत, सच्छिद्र पृष्ठभागावर प्रागैतिहासिक मानवाने रंगावाचून, केवळ कोरीव रेषांनी जी चित्रसृष्टी निर्माण केली, तिला कातळशिल्पे म्हणतात. राजापूर तालुक्यातील कशेळीचा सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती आणि त्याच्या देहात कोरलेले अनेक पशू पाहताना मती गुंग होते. परंतु देवीहसोळच्या आर्यादुर्गा मंदिरानजीक चौकटीत बांधलेला भौमितिक आकृतिबंध कोणत्याही परिचित वस्तूशी जुळत नाही, आणि तेथेच अमूर्त कलेची प्राचीनता प्रत्ययास येते. कोणत्याही दप्तरात वा सनदेत जिच्या कर्त्यांची नोंद नाही, त्या या कलेला २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत स्थान मिळाले. चिरेखाणींपासून हे सडे राखणे, हे आता आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.