चौदा हजार, पंधरा हजार

बीड जिल्ह्यात विमानतळ नाही, पण अंबाजोगाईला गच्चीवर पडलं की विमानांचे दिवे दिसतात. लहानपणी वाटायचं, ही आदळत कशी नाहीत?

१२ नोव्हेंबर १९९६ ला आदळली. दिल्लीहून चढणाऱ्या सौदी विमानाला १४,००० फूट दिले होते, उतरणाऱ्या कझाक विमानाला १५,०००. कझाक विमान त्याखाली आलं. चरखी दादरीवर ३४९ माणसं गेली. येण्याजाण्याचा मार्ग एकच आणि रडारवर उंची दिसतच नव्हती. वैमानिक सांगेल ती खरी. आमच्याकडे युजरचं इनपुट तपासल्याशिवाय घेत नाहीत. इथे तपासायला काही नव्हतंच राव!

नंतर मार्ग वेगळे झाले, उंची दाखवणारं रडार आलं, विमानांत टीकॅस सक्तीचं झालं. आता धोका दिसला की यंत्रणाच एका वैमानिकाला 'वर' सांगते, दुसऱ्याला 'खाली'.