हृदयशस्त्रक्रियेनंतरचे दिवस : कोणती लक्षणे गंभीर, कोणती औषधांची?

वाराणसी येथील काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या वैद्यकीय विज्ञान संस्थेशी संलग्न सर सुंदरलाल रुग्णालयात पूर्व उत्तर प्रदेश आणि लगतच्या बिहारमधून हृदयरोगाचे रुग्ण उपचारांसाठी येतात. शस्त्रक्रिया मोठ्या शहरात होते. पुढील दोन-तीन महिने मात्र रुग्ण आपल्या गावी, शल्यचिकित्सकापासून दूर काढतो. त्यामुळे शरीरात जाणवणारा कोणता बदल स्वाभाविक आहे आणि कोणता धोक्याची सूचना देणारा आहे, याची माहिती कुटुंबीयांना असणे आवश्यक ठरते.

स्वाभाविक बदल

बायपास शस्त्रक्रियेत छातीच्या मध्यभागी असलेले हाड कापून नंतर ते तारांनी जोडले जाते. हे हाड पूर्ववत जुळून येण्यास साधारणतः ८ ते १२ आठवडे लागतात. या काळात छाती, खांदे व पाठ दुखणे, भूक मंदावणे, झोप खंडित होणे, थकवा आणि मनाची उदासीनता या तक्रारी अनेकांना जाणवतात. पायातील शीर काढून ती हृदयासाठी वापरली असल्यास त्या पायावर काही काळ सूजही राहते. अशी लक्षणे दर आठवड्याला कमी होत जाणे अपेक्षित असते. ती वाढू लागल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

धोक्याच्या सूचना

ताप १००.४ अंश फॅरनहाइटपेक्षा अधिक असणे, जखमेतून पू अथवा पाणी येणे, जखमेभोवती लाली वाढणे किंवा खोकताना छातीचे हाड हलल्यासारखे वाटणे ही जंतुसंसर्गाची अथवा हाड न जुळल्याची लक्षणे असू शकतात. मधुमेही रुग्णांमध्ये हा धोका अधिक असतो. वजन एका दिवसात १ किलोने किंवा आठवड्यात २ किलोहून अधिक वाढले आणि त्यासोबत धाप लागली, तर शरीरात पाणी साचत असल्याची शक्यता असते. यासाठी रोज सकाळी एकाच वेळी वजन करून ते लिहून ठेवावे, असा सल्ला दिला जातो.

हृदयाचे ठोके अनियमित होणे ही या शस्त्रक्रियेनंतर वारंवार आढळणारी गुंतागुंत आहे. सुमारे २० ते ४० टक्के रुग्णांमध्ये, बहुधा पहिल्या काही दिवसांत, ती दिसून येते. घरी परतल्यानंतर छातीत धडधड सुरू होऊन घेरी आल्यास तातडीने तपासणी करावी. एकाच पायाची पोटरी दुखणे व सुजणे हे रक्ताची गुठळी झाल्याचे लक्षण असू शकते. तोंड वाकडे होणे, बोलताना जीभ अडखळणे, एका बाजूचा हात-पाय निकामी होणे, शुद्ध हरपणे किंवा छातीत असह्य कळ येणे, अशा प्रसंगी प्रतीक्षा न करता १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

औषधांचे दुष्परिणाम

ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल यांमुळे जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. काळ्या रंगाचे शौच ही त्याची खूण होय. मेटोप्रोलॉलसारख्या औषधांनी नाडी मंदावते, थकवा येतो आणि हात-पाय गार पडतात. तथापि हे औषध एकाएकी बंद केल्यास हृदयावर ताण येतो. रामिप्रिलसारख्या औषधांमुळे काहींना कोरडा खोकला होतो. ओठ किंवा जीभ सुजल्यास मात्र ती आणीबाणी समजावी. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातील औषधांनी स्नायू दुखू शकतात. त्यासोबत लघवीचा रंग गडद झाल्यास डॉक्टरांना त्वरित कळवावे.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांबाबत उत्तर भारतातील उन्हाळ्यात विशेष सावधगिरी बाळगावी लागते. वाराणसीत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा घामावाटे पाणी व क्षार कमी होऊन रक्तदाब खाली येतो आणि उठताना चक्कर येते. अशा वेळी गोळीची मात्रा स्वतः न बदलता डॉक्टरांना विचारावे. उपवासाच्या दिवशीही हाच नियम लागू होतो.

झडप बदललेले रुग्ण

संधिवाती ज्वरामुळे हृदयाच्या झडपा निकामी होण्याचा विकार भारतात अद्याप आढळतो. धातूची कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णास वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमरॉल हे रक्त गोठू न देणारे औषध आयुष्यभर घ्यावे लागते. मात्रा कमी पडली तर झडपेवर गुठळी होते आणि अधिक झाली तर रक्तस्राव होतो. म्हणून 'आयएनआर' ही रक्ततपासणी नियमित करणे अनिवार्य असते. पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्या वर्ज्य नाहीत; मात्र त्यांचे प्रमाण रोज साधारण सारखे असावे. अँटिबायोटिक, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अथवा अज्ञात चूर्ण-काढे घेतल्याने या औषधाचा परिणाम बिघडू शकतो किंवा रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. दात काढण्यापूर्वी दंतवैद्यास झडपेविषयी सांगावे. गर्भधारणेचा विचार करणाऱ्या महिलांनी वॉरफरिन गर्भास अपायकारक ठरू शकते हे लक्षात घेऊन आधीच सल्ला घ्यावा.

सार्वजनिक जीवनातील उदाहरण

तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्यावर २४ जानेवारी २००९ रोजी नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत बायपास शस्त्रक्रिया झाली. मुंबईचे शल्यचिकित्सक डॉ. रमाकांत पांडा यांच्या नेतृत्वाखालील पथकाने ती केली. त्याच वर्षी मे महिन्यात डॉ. सिंग यांनी दुसऱ्यांदा पंतप्रधानपदाची शपथ घेतली. पुढे ११ वर्षांनी, मे २०२० मध्ये, एका नव्या औषधाची प्रतिक्रिया होऊन ताप आल्याने त्यांना त्याच संस्थेत दाखल करावे लागले व दोन दिवसांनी घरी सोडण्यात आले. नव्या औषधाची प्रतिक्रिया शस्त्रक्रियेनंतर कितीही वर्षांनी उद्भवू शकते, हे यावरून स्पष्ट होते.

सोबत काय ठेवावे

रुग्णालयातून मिळालेला डिस्चार्ज कागद, औषधांची नावे व मात्रा आणि शल्यचिकित्सकाच्या विभागाचा दूरध्वनी क्रमांक प्रवासातही जवळ असावा. गावातील डॉक्टरांना पहिल्याच भेटीत ही कागदपत्रे दाखवावीत. त्रास होत असल्यास गोळी परस्पर बंद करण्याऐवजी डॉक्टरांकडून पर्यायी औषध विचारून घेणे सुरक्षित ठरते.