बसायला चला, बाल्टिमोरला

एवढ्यात डोळे उघडू नका. डोक्यात कुणीतरी घण घालतंय असं वाटतंय ना? तो घण खालच्या गल्लीतल्या लोहाराचा आहे. साल 1840, गाव बाल्टिमोर, दिवस कलायला आलाय आणि तुम्ही अजून अंथरुणातच. कालची व्हिस्की घामावाटे बाहेर येतेय. खिडकीतून बंदराचा वास आत घुसतो: डांबर, तंबाखू, उन्हात तापलेल्या कालवांच्या शिंपल्या. पोटात ढवळतं. उताऱ्यापुरता एक घोट मिळाला तर बरं होईल.

दारावर थापा पडतात. रोज तुमच्या शेजारी बसून पिणारा दोस्त उभा आहे. दाढी केलेली, शर्ट धुतलेला. क्षणभर तुम्ही त्याला ओळखतच नाही.

"ऊठ. बसायला जायचंय."

'बसायला' म्हटल्यावर तुम्ही उठताच. आपल्याकडेही 'आज बसू या का?' असं विचारलं तर सतरंजी कुठाय म्हणून कुणी विचारत नाही.

गल्लीत डुकरं कचरा उकरतायत. दगडी रस्त्यावर गाड्यांची चाकं खडखडतात आणि प्रत्येक खडखड कवटीत वाजते. दोस्त लिबर्टी स्ट्रीटवर चेजच्या गुत्त्यासमोर थांबतो आणि तुमचा जीव भांड्यात पडतो. तेच दार, आंबलेल्या बिअरचा तोच वास, पायाखाली तोच भुसा. पण तो गल्ल्याकडे वळत नाही. तुमची बाही धरून तुम्हाला एका टेबलाकडे नेतो.

टेबलाभोवती सगळे ओळखीचे चेहरे. कुणाच्याच पुढ्यात पेला नाही.

या माणसांचे हात बघा. पेला नसला की हाताचं काय करायचं, हे कुणालाच ठाऊक नाही. एक जण कोटाचं बटण पिळतोय. दुसरा नखानं टेबलावरचं मेण खरवडतोय. तुमचे हात थरथरतात म्हणून तुम्ही ते मांड्यांखाली दाबून धरता. समोरचा हसून आपलेही हात वर काढून दाखवतो. तेही थरथरतायत, जरा कमी.

हे सगळं एप्रिलमध्ये सुरू झालं, याच गुत्त्यात. एक शिंपी, एक सुतार, दोन लोहार, एक बग्ग्या बनवणारा, एक चांदीचं काम करणारा, म्हणजे अर्धे बलुतेदारच म्हणा. गावात दारू सोडण्यावर व्याख्यान होतं. त्यांच्यातले काही जण टवाळी करायला म्हणून गेले आणि परत येऊन त्यावरच वाद घालत बसले. मग विल्यम मिचेल या शिंप्यानं शपथेचा कागद लिहिला: व्हिस्की, बिअर, वाइन, सायडर, काही म्हणजे काही प्यायचं नाही. पहिली सही घ्यायला तो अँडरसन लोहाराकडे गेला, तर लोहार तुमच्यासारखाच आदल्या दिवशीच्या दारूनं आजारी होऊन अंथरुणात पडलेला. तसाच उठला, कपडे चढवले आणि सही केली.

तुम्हाला धास्ती वाटते, आता प्रवचन ऐकावं लागणार. पण मिचेलचा नियम आहे, भाषण नाही, वाद नाही. ज्यानं त्यानं फक्त आपलं सांगायचं. एक जण सांगतो, मी हत्यारं विकून प्यायलो आणि मग काम मिळत नाही म्हणून प्यायलो. टेबल खदखदून हसतं, तोही हसतो. तुम्हाला मात्र हसू येत नाही. तुमची हत्यारपेटी कुठाय, हे त्याला कुणी सांगितलं?

प्रवेशाचे 25 सेंट, पुढे महिन्याला साडेबारा. कुणीतरी राजाचा चेहरा पार पुसून गेलेलं एक स्पॅनिश चांदीचं नाणं सरकवतो. इथे तेही चालतं, बरोबर साडेबारा सेंटाला. पाठीमागे पेल्यावर पेला आपटल्याचा आवाज येतो आणि तुमची मान आपोआप वळते. दोस्त काही बोलत नाही. फक्त बाकावर जरा जवळ सरकतो.

अट एकच, पुढच्या वेळी येताना एक नवा माणूस आणायचा. पण रोज एकेक हुकमी गिऱ्हाईक याच टेबलाला लागून कायमचं कोरडं व्हायला लागलं, तर धंदा चालायचा कसा? मालकाची बायको कुरकुरते, आणि तिचं काही चुकलं असं मला तरी वाटत नाही. मग मंडळी उठून मिचेलच्या घरी जमतात, तिथेही मावेनाशी होतात आणि लिटल शार्प स्ट्रीटवरच्या सुताराच्या दुकानात येतात. आता ढुंगणाखाली फळ्या, पायाखाली रंध्याचा भुगा, नाकात ओल्या लाकडाचा वास. बसणं तेच, माणसं तीच. पुढे जॉन हॉकिन्स नावाचा टोप्या करणारा कारागीर आपल्या मुलीबद्दल सांगेल: मला आज व्हिस्की आणायला पाठवू नका, असं हॅना त्याला काकुळतीनं म्हणाली होती. ते ऐकताना घसे खाकरल्याचे आवाज येतील, हसू नाही.

पण तुमची अट अजून फिटायचीय. म्हणून आज तुम्ही पुन्हा चेजच्या दारात उभे आहात. शर्ट धुतलेला, हात खिशात. दाराशी मालकीण केरसुणी घेऊन उभी आहे. ती तुम्हाला आपादमस्तक न्याहाळते.

"प्यायला आलायस, की अजून कुणाला न्यायला?"

आतल्या कोपऱ्यातून तुमचा जुना सोबती पेला उंचावून ओरडतो, "अरे, ये की! बस!"

तुम्ही उंबरा ओलांडता.