वृद्ध एचआयव्हीबाधितांमधील व्यसनाधीनता
एचआयव्हीसह जगणाऱ्या, साधारणतः ५० वर्षांवरील व्यक्तींमधील तंबाखू, मद्य वा अन्य मादक पदार्थांचे सेवन. भारतात एचआयव्ही प्रथम १९८६ मध्ये आढळला. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटी (अँटिरेट्रोव्हायरल थेरपी) औषधे मोफत मिळू लागली (→ एआरटी). त्यामुळे रुग्णांचे आयुर्मान वाढले व हा वयोगट विस्तारला. महाराष्ट्रात चुना लावून मळलेली तंबाखू, मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड), बिडी, देशी दारू हे पदार्थ प्रचलित आहेत. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे (→ तंबाखू). मद्यामुळे एआरटीच्या गोळ्या घेणे चुकते; क्षयप्रतिबंधक आयसोनियाझिडसोबत यकृतदाहाचा धोका वाढतो. धूम्रपानाने हृदयविकार व फुप्फुसांचे आजार बळावतात. म्हणून एआरटी, वार्धक्यचिकित्सा व व्यसनमुक्तीसेवा यांची सांगड महत्त्वाची ठरते (→ व्यसनमुक्ती).