तेजगढची ‘वाचा’

वस्तुसंग्रहालय म्हटले म्हणजे बडोद्याच्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम कमाटीबागेतील ती भव्य वास्तू उभी राहते. तिसऱ्या सयाजीराव महाराजांनी ती १८९४ मध्ये उभारली. आपल्या प्रजाजनांना घरबसल्या जगाचे दर्शन घडावे, हा त्यामागील उदार हेतू होता. इजिप्तमधील ममी, युरोपीय चित्रकारांच्या कृती आणि १९४४ मध्ये महीच्या मुखाशी सापडलेल्या प्रचंड देवमाशाचा सांगाडा हे सारे तेथे एका छपराखाली पाहावयास मिळते. ज्या महाराजांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्यांच्या दृष्टीने संग्रहालय ही शाळेचीच पुरवणी होती. या कार्याचे ऋण आपण सदैव मान्य केले पाहिजे.

परंतु अशा संग्रहालयाची एक स्वाभाविक मर्यादा असते. वस्तू दुरून येते, काचेआड बसते आणि तिच्याखालची चिठ्ठी तिसराच कोणी लिहितो. ज्यांच्या हातून ती घडली त्यांचा आवाज त्या दालनात ऐकू येत नाही. बडोद्याच्या पूर्वेस, २०१३ मध्ये स्वतंत्र झालेल्या छोटा उदेपूर जिल्ह्यात, तेजगढ नावाच्या लहानशा गावी जो प्रयोग झाला त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते.

महाराजा सयाजीराव विद्यापीठातील इंग्रजीचे अध्यापन सोडून डॉ. गणेश देवी यांनी १९९६ मध्ये बडोद्यास ‘भाषा’ ही संस्था स्थापन केली. भोर येथे जन्मलेल्या आणि मराठी, गुजराती व इंग्रजी या तिन्ही भाषांत लिहिणाऱ्या या विद्वानाचे नाव आपल्या वाचकांस नवे नाही. या संस्थेने पुढे तेजगढ येथे आदिवासी अकादमी उभारली. ज्या कोरज डोंगराच्या परिसरात ती आहे, त्या डोंगरावर प्रागैतिहासिक काळातील शैलचित्रे आहेत. भोवताली वस्ती मुख्यतः राठवा समाजाची आहे. अकादमीतील संग्रहालयाला ‘वाचा’ असे नाव दिले आहे. वाद्ये, दागिने, वस्त्रे, मातीच्या मूर्ती यांच्या जोडीला गाणी, कथा आणि बोली यांचे जतन करणे हे तेथील काम होय.

हे नाव किती सार्थ आहे, ते राठवांच्या पिठोऱ्यावरून समजते. घरात आजारपण आले, पीक बुडाले किंवा गुरे दगावू लागली, म्हणजे कुटुंबप्रमुख पिठोरोदेवाला नवस बोलतो. नवस फेडण्याच्या वेळी ओसरी व आतले घर यांच्यामधील भिंत कुमारिका शेणामातीने सारवतात आणि वर पांढऱ्या मातीचा हात देतात. दूध व मोहाची दारू यांत कालवलेल्या रंगांनी त्या भिंतीवर घोड्यांच्या रांगा उमटतात. घोडे हे देवदेवतांचे प्रतीक होत. त्यांच्या भोवती शेत, विहीर, जंगल असा सारा संसार येतो. ही भिंत रंगविणाऱ्यास ‘लखारा’ म्हणतात, म्हणजे लिहिणारा. पुढे अंगात आलेला बडवो (पंढरीच्या बडव्यांशी त्याचे केवळ नामसाम्य आहे) त्या भिंतीसमोर उभा राहून एकेक आकृती ओळखतो, कोणता देव राहून गेला आहे काय ते पाहतो, आणि त्याची खातरजमा झाली म्हणजेच नवस पुरा झाला असे मानतात.

आपण ज्याला चित्र म्हणतो, ते राठवांच्या लेखी लेखन आहे. आणि ते वाचणारा असल्यावाचून त्याला पूर्णता नाही. वारल्यांच्या लग्नचौकाची गोष्टही याहून फार निराळी नाही. सुवासिनी चौक लिहितात आणि धवलेरी गाऊन देवांना पाचारण करते. तेव्हा पिठोऱ्याची भिंत कापून शहरातील दालनात मांडली, तर रंग जपले जातील. मजकूर मात्र हरवेल. मातीच्या घरांच्या जागी सिमेंटची घरे येत आहेत आणि पिठोरो आता कापडावर रंगवून विकलाही जातो. त्यामुळे कलावंताला चार पैसे मिळतात, त्याचा सन्मानही होतो. परेश राठवा यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि कापड विकत घेणाऱ्यास घोडे दिसतात, त्यांची नावे ठाऊक नसतात. ती नावे सांगणारी वाणी जेथे बोलली जाते, तेथेच तिचे संग्रहालय असावे, हा तेजगढचा आग्रह म्हणूनच योग्य ठरतो.

येथे आक्षेप निघेल की, जे लोक हा वारसा जगतातच, त्यांना संग्रहालयाची गरज काय? या प्रश्नाचे उत्तर आपण शिक्षकांनीच दिले पाहिजे. मूल शाळेत येते आणि पहिल्याच दिवशी त्याला कळते की, आईशी ज्या भाषेत आपण बोलतो ती येथे ‘अशुद्ध’ आहे. पुढे त्याच मुलाला आजोबांच्या भिंतीची लाज वाटू लागते. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणात १९०७ मध्येच भिल्ल भाषांना एक स्वतंत्र भाग मिळाला होता. २०११ च्या जनगणनेत भिली बोलणारांची संख्या एक कोटीवर गेली. तरीही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान नाही. अशा स्थितीत आपल्या घरची वाद्ये व गाणी आदराने मांडलेली पाहणे, त्यांची माहिती आपल्याच बोलीत ऐकणे, हे त्या मुलाच्या मनास मोठा आधार देणारे आहे. तेजगढच्या वसंतशाळेत मुलांना प्रथम त्यांच्या बोलीतून शिकवितात, ते याच विचाराने.

बृहन्महाराष्ट्रातील आपण मराठी माणसे मातृभाषेच्या शाळा टिकाव्यात म्हणून पिढ्यानपिढ्या झगडत आलो. परभाषेच्या प्रदेशात आपली भाषा मागे पडण्याचे दुःख आपणांस सांगावे लागत नाही. मग आपल्याच वर्गात मागच्या बाकावर गप्प बसलेल्या राठवा, भिल्ल अथवा वारली मुलाचे मौन आपणांस इतरांहून अधिक ऐकू यावयास हवे. प्रत्येक गावी तेजगढसारखी संस्था निघणे शक्य नाही. पण शाळेतील एक कपाट, वहीत उतरून घेतलेली चार गाणी, आणि वर्षातून एकदा त्या मुलाच्या आजीला वर्गात बोलावून तिच्या तोंडून ऐकलेली गोष्ट, एवढे तर कोणत्याही मुख्याध्यापकाच्या अधिकारात आहे.